पाळणा सेविकेला आधी शिकवा

पहिलीच्या वर्गावर उभे राहायचे असेल तर बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका लागते आणि वर टीईटी उत्तीर्ण व्हावे लागते. सहा वर्षांच्या मुलाला शिकवणाऱ्याकडून एवढी तयारी मागणे रास्तच आहे. पण सहा महिन्यांचे बाळ रोज साडेसात तास जिच्या ओटीत टाकायचे, तिच्याकडून आपण काय मागतो? बारावीची गुणपत्रिका. २०२५ मध्ये महाराष्ट्राने केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीला जोडून ३४५ पाळणाघरे सुरू करायला मान्यता दिली. एका केंद्रात सहा महिने ते सहा वर्षे वयाची २५ मुले, महिन्याचे २६ दिवस. पाळणा सेविका बारावी झालेली, मदतनीस दहावी झालेली. सेविकेला मानधन साडेपाच हजार, मदतनिसाला तीन हजार. कष्टकरी आईसाठी अशी सोय व्हावी ही मागणी फार जुनी आहे, म्हणून या निर्णयाचे स्वागतच करायला हवे. मात्र भरतीची शैक्षणिक अट बारावीवर थांबते, आणि खरी काळजी तिथूनच सुरू होते.

नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडसारख्या तालुक्यात पाळणाघराची गरज कुणाला समजावून सांगावी लागत नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सची (वेकोलि) उघडी कोळसा खाण, एमआयडीसीतले कारखाने, रोज एसटीने नागपूर गाठणारा नोकरदार वर्ग आणि भोवताली कापूस, सोयाबीन, धान, मिरची पिकवणारी गावे असा हा परिसर आहे. रोवणी, निंदण, वेचणी ही कामे बायकांच्या हातची. उमरेड, भिवापूर, कुही-मांढळ या पट्ट्यात हंगामात मिरचीचे सातरे भरतात. तिथे दिवसभर बसून देठ खुडायचे आणि जितके किलो होईल तितकी मजुरी घ्यायची. अशा ठिकाणी तान्हे लेकरू सोबत नेले तर तिखटाचा खकाणा त्याच्या नाकाडोळ्यांत जातो. घरी ठेवले तर ते म्हाताऱ्या सासूच्या नाहीतर थोरल्या मुलीच्या गळ्यात पडते आणि त्या मुलीची शाळा बुडते. नागपूरला नोकरीसाठी जाणाऱ्या आईची अडचण वेगळी. ती सकाळी आठला निघून संध्याकाळी सातला परतते, आणि शेजारच्या मावशींनी मूल सांभाळले तरच तिची नोकरी टिकते. या दोघींना जागा हवी आहे आणि त्या जागेत काम जाणणारे माणूस हवे आहे. जागा बांधता येते, पाळणे विकत आणता येतात. माणूस मात्र घडवावे लागते.

‘त्यात शिकायचे काय? प्रत्येक बाई लेकरे वाढवतेच की,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ग्रामपंचायतीतही भेटतात आणि कार्यालयांतही. हा समज खोडून काढल्याशिवाय पुढची कोणतीही गोष्ट होणार नाही. आई आपले एक मूल वाढवते. त्याच्या रडण्याचा सूर तिला ओळखीचा असतो आणि त्याला काय पचते, काय पचत नाही हे तिला ठाऊक असते. पाळणा सेविकेसमोर वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या वयांची २५ मुले असतात. त्यांतले एक अजून रांगत नाही, एक नुकते चालायला लागले आहे, एकाला दात येत आहेत, दोघी पहिलीत जायच्या तयारीत आहेत. घरी मूल आजारी पडले तर घरातली चार माणसे धावतात. इथे निर्णय एकटीने आणि त्याच क्षणी घ्यायचा असतो. मायाळूपणा हवाच, पण या कामाची ती पहिली पायरी झाली.

कामाच्या आत शिरून पाहिले की प्रशिक्षण कशासाठी हवे ते आपोआप कळते. चिंचोके, सागरगोटे, शेंगदाणे ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची खेळणी. पाच वर्षांच्या मुलीसाठी त्यांच्यासारखे साधन नाही. ती मोजते, गट करते, झेलते, त्यातून बोटांना वळण आणि नजरेला नेम मिळतो. तोच चिंचोका दीड वर्षाच्या मुलाच्या हाती लागला तर तो थेट तोंडात जातो आणि तिथून श्वासनलिकेत जायला क्षण पुरतो. एकाच खोलीत ही दोन मुले असतील तर खेळ कुठे मांडायचा, कोणत्या वेळी मांडायचा, मधे आडोसा कसा करायचा, खेळ संपल्यावर दाणे मोजून कसे परत घ्यायचे, याचे एक शास्त्र आहे आणि ते शिकवता येते. आणि तरीही घास अडकलाच तर? आपल्याकडे अशा वेळी कुणी तोंडात बोट घालते, कुणी पाणी पाजते. दोन्हींमुळे अडकलेली वस्तू आणखी आत जाऊ शकते. वर्षाच्या आतल्या बाळाला हाताच्या आधारावर पालथे, डोके खाली करून धरायचे आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच थापा द्यायच्या. वस्तू निघाली नाही तर उताणे करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाबायचे. वर्षावरच्या मुलासाठी पद्धत वेगळी, तिथे पोटावर दाब देतात. हे पुस्तकात वाचून येत नाही. बाहुलीवर पुन्हा पुन्हा करून हाताला सवय लावावी लागते, कारण खरी वेळ येते तेव्हा विचार करायला सवड नसते.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागाची. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण घराघरांत आहेत. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली, त्यामागे आपल्यासारख्या भागांतली स्थितीच होती. मोठ्यांतला सिकलसेल लोकांना आता थोडाफार माहीत झाला आहे. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलातला मात्र पटकन ओळखू येत नाही. अशा मुलाचे हातापायांचे पंजे एकाएकी सुजतात, हात लावू देत नाही, सारखे रडते. घरच्यांना वाटते कुठेतरी पडले असेल, मुरगळले असेल. एखादे मूल अचानक पांढरेफटक पडते आणि डाव्या बाजूला पोट फुगलेले लागते. हे तर तासाभराचाही उशीर न परवडणारे लक्षण आहे. दिवसभर मुलाजवळ असणाऱ्या सेविकेला ही दोन चिन्हे माहीत असतील तर निदान वेळेत होईल आणि जीव वाचेल. अशा मुलांना पाणी कमी पडून चालत नाही, अंगावर गारठा बसू देऊन चालत नाही. उमरेडच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो. तिथे प्रत्येक मुलाला किती वेळाने पाणी पाजले याची नोंद ठेवणे हा सेविकेच्या शिक्षणाचा भाग असला पाहिजे. मुंबईत छापलेल्या पाठ्यपुस्तिकेत हे ठळकपणे येणार नाही. म्हणून प्रशिक्षणाचा निम्मा भाग तरी तालुक्याने आपला आपण तयार करावा असे आमचे मत आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. मूल घरून ‘मले भूक लागली’ म्हणत येते. कोळसा खाणीच्या वसाहतीतले मूल हिंदी बोलते, आदिवासी घरातल्या मुलाच्या कानावर गोंडीही असते. अप्रशिक्षित बाई बहुधा पहिल्याच दिवशी ‘मले नाही, मला म्हण’ अशी दुरुस्ती करते. त्या मुलाने काहीतरी सांगायचा प्रयत्न केलेला असतो आणि उत्तरादाखल त्याला आपली चूक कळते. दोन-चार वेळा असे झाले की ते बोलणेच कमी करते. शिकलेली बाई त्याच्याच बोलीत उत्तर देते, जेवायला वाढते, वाढता वाढता भाताला, वरणाला, वाटीला नावे देत जाते, आणि प्रमाण मराठी त्याच्या कानावर हळूहळू पडत राहते. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी सगळे शिक्षण अशा बोलण्यातूनच होते. अंग पुसताना, लंगोट बदलताना, झोपवताना बाई त्याच्याशी काय बोलते, ते बोबडे बोलले की थांबून ऐकते की नाही, यावर त्याची भाषा उभी राहते. केंद्र सरकारने २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ असे दोन आराखडे काढले. महाराष्ट्राचा ‘आकार’ हा अभ्यासक्रम त्याच्याही आधीचा. कागद चांगले आहेत. ते वाचून, समजून, आपल्या २५ मुलांवर बेतून वापरायला शिकवणारे कोणी सेविकेशेजारी बसले पाहिजे.

हे सगळे आपल्याला नवीन आहे असेही नाही. १९४५ मध्ये सेवाग्रामला नई तालीम या बुनियादी शिक्षणाची परिषद भरली तेव्हा सात वर्षांच्या आतल्या मुलाचे शिक्षण गांधीजींनी आपल्या योजनेत घेतले. पुढे पूर्वबुनियादी म्हणून ओळखले गेलेले ते काम शांता नारुलकर यांनी सेवाग्राममध्ये उभे केले. उमरेडपासून सेवाग्राम फार लांब नाही. त्याच वर्षी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डीला गेल्या. ताराबाईंचा विदर्भाशी जुना संबंध, लग्नानंतर त्या अमरावतीला राहिलेल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केल्यावर त्यांनी नूतन बाल शिक्षण संघाच्या कामाला वाहून घेतले. मुलांची शाळा आणि बाईंची शाळा या दोन्ही गोष्टी त्या एकदमच मांडत. दादरला शिशुविहार आले तसे बाल अध्यापन मंदिरही आले. बोर्डीत आणि १९५७ नंतर कोसबादच्या टेकडीवर बालवाडीबरोबर सेविकांचे शिक्षण चालले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच पाड्यातल्या अंगणात न्यायची, ही त्यांचीच कल्पना. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा सरकारने अंगणवाडी घेतली. तिच्या मागे उभे असलेले अध्यापन मंदिर मात्र तेवढ्या ताकदीने घेतले नाही, आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

सेविकेला कामावर घेतल्यावर २६ दिवसांचे प्रशिक्षण आणि मधूनमधून उजळणी, अशी पद्धत बरीच वर्षे होती. त्या दिवसांतच पोषण, लसीकरण, वजनमापे, नोंदवह्या असे सगळे बसवायचे असल्याने बालशिक्षणाच्या वाट्याला थोडेच दिवस येत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे ओळखले. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीसाठी एक वर्षाची पदविका असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. २०२३ च्या मे महिन्यात ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू झाला, त्यात सेविकांचे प्रशिक्षण तीन दिवसांचे. सहा महिन्यांच्या वचनापुढे तीन दिवस फार थोडे आहेत. त्या तीन दिवसांत काही सेविकांना नवे खेळ मिळाले, उत्साह मिळाला, हे खरे आहे आणि त्याची किंमत कमी करायची नाही. पण घास अडकलेल्या बाळाला पालथे धरण्याचा सराव, सिकलसेलची चिन्हे, बोलीचा प्रश्न, मिश्र वयाचा वर्ग आणि अपंगत्वाची लवकर ओळख हे सगळे तीन दिवसांत होत नाही. कोणत्याही कुशल कामाचे शिक्षण तेवढ्यात होत नाही.

प्रशिक्षणाची ही गरज कायद्याने फार पूर्वी मान्य केली होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४८ मध्ये, जिथे ठरावीक संख्येपेक्षा जास्त स्त्रिया काम करतात तिथे पाळणाघर असावे आणि ते मुलांच्या व तान्ह्या बाळांच्या संगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या देखरेखीखाली असावे, असे म्हटले होते. खाणींतल्या पाळणाघरांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र नियम झाले, आणि उमरेड तर खाणीचे गाव. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, नव्या कामगार संहितांतही ५० चा आकडा आहे. हे कायदे कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचतात. सातऱ्यावर आणि शेताच्या बांधावर पोचत नाहीत, म्हणून तिथल्या आईला सरकारी पाळणाघराखेरीज दुसरा आधार नाही. तिच्या मुलासाठी प्रशिक्षणाचा निकष कारखान्यातल्या मुलाच्या निकषाहून खाली का असावा?

समजा, उमरेडच्या एखाद्या मुलीने मनापासून ठरवले की आपण बालशिक्षिका व्हायचे. तिच्यापुढे आज काय आहे? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४ च्या नियमांत पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे, बारावीला ५० टक्के गुण हवेत. गृहविज्ञानात मानवी विकास हा विषय घेऊन पदवी करता येते, नागपूरला एलएडी महाविद्यालयात गृहविज्ञान आहे. बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमांत बाल, वृद्ध आणि आरोग्य सेवा अशी शाखा आहे. याखेरीज मोठ्या फलकांचे खासगी वर्ग, ज्यांतल्या कितींना कोणाची मान्यता आहे हे फी भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे, असे आम्ही प्रत्येक पालकाला सांगू. यातले काहीही केले तरी ही मुलगी पुढे जाणार कुठे? तालुक्यातल्या ‘कॉन्व्हेंट’ म्हणवणाऱ्या खासगी केजी शाळांत. शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांनंतर लागू होतो, त्यामुळे त्याची शिक्षक-पात्रतेची अट तिथल्या शिक्षिकेला लागू नाही. २०२५ मध्ये सरकारने खासगी पूर्वप्राथमिक शाळांना आपली माहिती पोर्टलवर नोंदवायला सांगितले, ती सुरुवात ठीक आहे. पण जोवर प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित शिक्षिकेला एकच तुटपुंजा पगार मिळतो, तोवर कोणता बाप मुलीच्या दोन वर्षांच्या पदविकेवर खर्च करील? पगार नाही म्हणून शिक्षण नाही, आणि शिक्षण नाही म्हणून पगार मागता येत नाही. ही गाठ सरकारलाच सोडवावी लागेल, कारण या क्षेत्रात सर्वांत जास्त बायकांना कामावर ठेवणारे सरकारच आहे.

आणि पैशाचेही नीट बोलले पाहिजे. २६ दिवस, रोज साडेसात तास म्हणजे महिन्याचे १९५ तास. साडेपाच हजारांना त्याने भागले तर सेविकेचा तास २८ रुपयांना पडतो, मदतनिसाचा १५ रुपयांना. हा मोबदला घेऊन जी बाई टिकेल ती गरजेपोटी टिकेल, आणि दुसरीकडे चार पैसे जास्त दिसले की जाईल. सहा महिन्यांच्या बाळाला माणूस बदलणे फार जड जाते. ओळखीचा हात, ओळखीचा आवाज हाच त्याचा विश्वास असतो. म्हणून मानधनाचा प्रश्न हा मुलाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निकाल दिला, त्यांचे काम फावल्या वेळचे मानता येणार नाही हेही स्पष्ट केले. पाळणा सेविकेला पुन्हा त्याच जुन्या मानधनाच्या चौकटीत बसवणे त्या निकालाच्या आशयाशी जुळत नाही. डेन्मार्कमध्ये पाळणाघरातल्या पेडॅगॉगचे म्हणजे बालशिक्षकाचे शिक्षण साडेतीन वर्षांचे पदवीचे असते. आपण तेवढे उद्याच करू शकणार नाही, हे आम्हाला कळते. सहा महिन्यांचे तरी करू शकतो.

२०१६ च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने मारहाण केल्याचे चित्रण बाहेर आले आणि राज्य हादरले. त्यानंतर चर्चा झाली ती प्रामुख्याने कॅमेऱ्यांची. कॅमेरे असावेत, पोलीस पडताळणी तर व्हायलाच हवी. पॉक्सो कायद्याखालच्या २०२० च्या नियमांत मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेवर ती बंधनकारक आहे, आणि कर्मचाऱ्यांच्या वेळोवेळच्या प्रशिक्षणाचीही जबाबदारी त्यात आहे. पण कॅमेरा घडून गेलेले दाखवतो. दिवसाच्या सहाव्या तासाला, तीन मुले एकदम रडत असताना, स्वतःचा राग कसा आवरायचा, मदतनिसाला कधी हाक मारायची, पाच मिनिटे बाजूला कधी व्हायचे हे शिकवले जाते तेव्हा हात उगारलाच जात नाही. थकलेल्या, एकट्या आणि न शिकवलेल्या बाईकडून देवमाणसासारख्या वागण्याची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

मग उमरेडमध्ये काय करता येईल? आमची सूचना साधी आहे. सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग तालुक्याच्या गावीच चालवावा, नागपूरला नव्हे. घरची कामे आटोपून, शेताची रोजी सांभाळून शिकणाऱ्या बाईला रोज पन्नासेक किलोमीटर जाऊन येणे जमत नाही, आणि जिला जमत नाही तीच बाई गावातल्या मुलांना ओळखते. नूतन आदर्श महाविद्यालयासारखी संस्था किंवा तालुक्याची आयटीआय वर्गासाठी जागा देऊ शकेल. आठवड्यातले तीन दिवस वर्ग, तीन दिवस अंगणवाडीत जुन्या, जाणत्या सेविकेच्या हाताखाली प्रत्यक्ष काम. उमरेडच्या ग्रामीण भागात वीस-पंचवीस वर्षे मुले सांभाळलेल्या सेविका आहेत. त्यांच्याजवळ जे आहे ते कोणत्याही पुस्तकात नाही. त्यांना मार्गदर्शिका म्हणून बोलवावे, त्याचे वेगळे पैसे द्यावेत आणि त्यांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन त्यांनाही तेच प्रमाणपत्र द्यावे. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी प्रथमोपचार व सिकलसेलचे धडे द्यावेत. शेवटची परीक्षा कागदावर न घेता मुलांमध्ये घ्यावी. परीक्षकाने दिवसभर कोपऱ्यात बसावे, बाई मुलांशी काय बोलते, हात कधी धुते, रडणाऱ्याला कशी उचलते ते पाहावे. प्रशिक्षणाच्या सहा महिन्यांत विद्यावेतन मिळालेच पाहिजे. मजुरी बुडवून फुकट शिकणे गरीब बाईला परवडत नाही, आणि विद्यावेतन नसेल तर या वर्गात फक्त खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुली दिसतील.

या सगळ्याला पैसा कुठला, असे विचारले जाईल. उमरेडपुरते उत्तर जवळच आहे. खाणींतून मिळणाऱ्या स्वामित्वधनाबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे निधी जमा होतो. २०१५ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत या निधीतून आधी कशावर खर्च करायचा ते ठरवून दिले आहे, आणि त्या यादीत शिक्षण, महिला व बालकल्याण आणि कौशल्य विकास ही तिन्ही नावे आहेत. पाळणा सेविकेचा प्रशिक्षण वर्ग एकाच वेळी या तिन्हींत बसतो. उमरेड आणि मकरधोकड्याच्या जमिनीतून कोळसा निघाला, धूळ इथल्या मुलांच्या श्वासात गेली, तेव्हा त्या निधीवर या मुलांचा हक्क पहिला आहे. रस्ते आणि सभामंडप यांच्याआधी हा खर्च व्हावा.

आईबापांनाही एक विनंती आहे. मूल पाळणाघरात किंवा केजीत घालताना तीन वर्षांच्या वयात त्याला एबीसीडी लिहिता येते का, हे विचारू नका. त्याच्या बोटांचे स्नायू अजून पेन्सिल पेलण्याएवढे तयार नसतात. ते माती मळून, कणकेचे गोळे करून, पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतून तयार होतात. बाई कुठे शिकल्या, एका बाईकडे किती मुले आहेत, तीन वर्षांखालची मुले दहापेक्षा जास्त तर नाहीत ना, मूल घशात काही अडकून गुदमरले तर त्या काय करतील, हे विचारा. पालक हे प्रश्न विचारू लागले की संस्थाचालक प्रशिक्षित बाई शोधू लागतील.

नागपूर जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे आमची मागणी एवढीच आहे. उमरेड तालुक्याच्या वाट्याला पाळणाघर येईल तेव्हा भरतीच्या जाहिरातीत बारावीच्या अटीखाली आणखी एक ओळ छापावी: निवड झालेल्या सेविकेचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण, विद्यावेतनासह, पूर्ण झाल्यावरच केंद्रात मुले घेतली जातील.